पिसाळ सरांची भट्टी

"परत गेली काय ओ मॅडम?"

धनाजी पिसाळने हा प्रश्न सकाळपासून इतक्यांदा विचारला होता की मी त्याला उत्तर देणं सोडून दिलं होतं. ज्योत परत गेली होती. पॅनेलवर लाल दिवा लागला होता आणि भट्टीच्या झरोक्यातून आतला अंधार दिसत होता. ब्लोअर मात्र इमानदारीत घरघरत होता, आत साठलेला गॅस बाहेर ढकलत.

"नवीन हाय नव्हं मशिन?" धनाजी म्हणाला.

"नवीन आहे म्हणूनच," मी म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. तो मान हलवत बाहेर हॉलमध्ये गेला. तिथे बर्फाच्या पेटीत त्याचे काका होते, आणि पेटीभोवती निम्मं गाव बसलं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी बर्नर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. बेकरी असो, फाउंड्री असो, कुठेही गॅसची भट्टी बसली की ती पहिल्यांदा पेटवायची आणि हवेचं नि गॅसचं जमवून द्यायचं, हे माझं काम. गॅस जास्त झाला की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि विषारी वायू सोडते. हवा जास्त झाली की ज्योत फडफडते आणि उष्णता वाया जाते. दोघांचं नीट जमलं की ज्योत निळी आणि गप्प. लग्न जमवण्यापेक्षा हे सोपं, असं मी मैत्रिणींना सांगायचे, कारण यात दोन्हीकडची माणसं मध्ये पडत नाहीत. या भट्टीने मला तेही खोटं पाडून दाखवलं.

गावाचं नाव सांगत नाही. सातारा-सांगलीकडचं, नदीकाठचं, नुकतीच नगरपंचायत झालेलं गाव. स्मशानात गॅसदाहिनी बसवली होती आणि ती सुरू करून द्यायला मी आणि माझा फिटर फिरोजभाई तिथे आठवडाभर मुक्कामाला होतो. नव्या विटांमध्ये पाणी मुरलेलं असतं. ते मंद आचेवर हळूहळू वाळवावं लागतं, घाई केली तर विटा तडकतात. ते काम आदल्याच दिवशी संपलं होतं. राहिलं होतं ते फक्त मोठ्या ज्योतीचं जमवणं. पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं, मांडववाल्याला सुपारीही गेली होती.

आणि त्याच संध्याकाळी पिसाळ सर गेले.

दाहिनी गावात आली ती या सरांमुळे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. एका पुराच्या साली गावातल्या एका मजुराच्या बायकोचं प्रेत ओल्या लाकडांवर अर्धवट जळलं, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी स्मशानात जे पाहिलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. फक्त अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज, मोर्चे, उपोषण, सगळं झालं. गाव चेष्टा करायचं, सर स्वतःची सोय करून ठेवतायत म्हणायचं. सर म्हणायचे, "व्हय, करतोय. पहिला मीच जाणार."

ही काही गंमत नव्हती. नव्या भट्टीत पहिलं जायला गावात कुणीच तयार होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भट्टीला चटक लागते, पहिल्या घरातला दुसराही नेते, असलं काहीबाही लोक बोलत होते. सरांना मूलबाळ नव्हतं. पहिलं मीच जायचं आणि बटण बायकोनं दाबायचं, असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्या गावात बायका स्मशानाची पायरी चढत नाहीत. मालनकाकू चढल्या होत्या.

आदल्या रात्रीच काकूंनी मला निरोप धाडून विचारलं होतं, "उद्या होईल का?" मी म्हटलं होतं, होईल. विटा वाळल्या होत्या, बारीक ज्योत आठवडाभर निळीशार जळत होती. न व्हायला काय झालं?

हे असं झालं होतं. बारीक ज्योत अजूनही उत्तम पेटत होती. पण मोठी केली आणि दार बंद केलं की क्षणभर भट्टी घुमायची, मग ज्योत पिवळी पडायची, झरोक्याच्या कडांमधून बाहेर जीभ काढायची आणि विझायची. मी गॅसचा दाब कमी करून पाहिला. हवेची झडप रेसभर उघडली, मग आणखी उघडली. हवा वाढवली तर उलट जास्तच. माझ्या मापयंत्रावर विषारी वायूचा आकडा असा चढायचा की मी यंत्रच बिघडलंय का ते तपासलं. यंत्र ठणठणीत होतं.

"मॅडम, दार जरा उघडं ठेवून बघू," फिरोजभाई म्हणाले.

दार फटभर उघडं ठेवलं. ज्योत निळी झाली. दार लावलं, पिवळी. परत उघडलं, निळी.

"हिचा श्वास कोंडतोय," मी म्हणाले. "आत ढकललेलं बाहेर जातच नाहीये."

"मग दार उघडं ठेवून चालत न्हाई?" मागून आवाज आला.

मालनकाकू केव्हा आत आल्या होत्या कोण जाणे. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंगावर जुनी इरकल. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. ते पुसायचं नाही हेही सर सांगून गेले असणार. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या. मला त्याचंच दडपण आलं होतं.

"नाही चालत काकू. सगळी आग हॉलमध्ये येईल."

"बरं." त्यांनी झरोक्याकडे पाहिलं. "ही निळी असायला पाहिजे, व्हय ना? मला म्हायतेय. ह्यांनी घरी शेगडीवर दावलं होतं. पातेल्याचं बूड काळं झालं की मलाच बोलायचे, शेगडीला न्हाई."

"तुम्ही बसा ना जरा."

"बसून काय करू? तिकडं सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात." त्या भिंतीला टेकल्या. "तू कर तुझं. मी मध्ये येत न्हाई."

कर म्हणे. काय करणार होते मी? एप्रिलचा महिना होता, पत्र्याखाली भट्टीच्या शेजारी उभं राहून माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. बाहेर बर्फाची लादी बदलल्याचा आवाज आला. धनाजी कुणाला तरी म्हणत होता, "सांगितलंय मी, लाकडं येऊ देत. असू द्यात जवळ." मला त्याचा राग आला, पण त्याचं काय चुकलं होतं? बापाच्या मागे काकाने वाढवलेलं. अग्नी देण्याचा मान त्याचा होता आणि तो काकूच्या हातातल्या बटणाला गेला होता. तरी बिचारा सकाळपासून गप्प सोसत होता.

काकू बोलत राहिल्या. माझ्याशी म्हणण्यापेक्षा भट्टीशीच.

"रोज संध्याकाळी हिकडं यायचे बघ. पाया खणला तवापासनं. जेवायला बसलं की इटा, चिमणी, गॅस. मी म्हणायची, अवो, मढ्याच्या गोष्टी भाकरीवर नगो. तर म्हणायचे, तुझा भैरोबा मढ्यांच्यातच बसलाय की."

स्मशानाच्या वरच्या अंगाला, नदीकडच्या चढावर, भैरोबाचं देऊळ होतं. आम्ही आठवडाभर तिथल्याच नळाचं पाणी पीत होतो.

"सर देवाला जायचे?" मी झडप फिरवता फिरवता विचारलं.

"छ्या! मी जायची, दर रविवारी. हे पायरीपतुर यायचे आन् माझ्या चपला राखत उभं ऱ्हायचे. आत न्हाई. उभ्या जन्मात न्हाई. लगीन केलं तेबी हारावर, भट नगो म्हणाले. घरात देव्हारा न्हाई. माझे टाक ट्रंकेत असतेत." त्या किंचित हसल्या. "लई हट्टी माणूस. एकदा न्हाई म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी न्हाईच."

मी ज्योत पुन्हा पेटवली. बारीक, निळी. मोठी केली. भट्टी घुमली. काकू पुढे येऊन माझ्या खांद्याजवळून झरोक्यात पाहायला लागल्या. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. ज्योतीच्या टोकाला पिवळं आलं, मग ते खाली उतरलं, मग ठप्प. लाल दिवा.

काकू परत भिंतीला जाऊन टेकल्या. मला वाटलं, यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फिरोजभाई, चिमणीत काही अडकलंय का बघा. घरटं, गोणपाट, काहीही."

चिमणीच्या बुडाशी साफसफाईसाठी एक लहान दार असतं. फिरोजभाईंनी ते उघडून आत डोकं घातलं, वर पाहिलं आणि बाहेर आले.

"एकदम साफ आहे. आभाळ दिसतंय."

"पूर्ण?"

"पूर्ण. उलट बरंच मोठं दिसतंय." ते घुटमळले. "इतक्या उंच चिमणीतून एवढं मोठं नाही दिसत, मॅडम."

मी बाहेर आले. उन्हात डोळे दिपले. चिमणी लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेली होती, आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि मी एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. चिमणी ही कंत्राटदाराची बाब. माझं काम ज्योतीचं. लोखंडाचे तुकडे एकावर एक चढवून, पट्ट्यांनी जोडून ती उभी केली होती. मी जोड मोजले. मग नकाशा काढला आणि परत मोजले. चार तुकडे कमी होते.

ही दाहिनी फक्त चिमणीच्या ओढीवर चालणारी होती. गावात वीज बेभरवशाची, म्हणून धूर ओढायला पंखा न लावता उंच चिमणीचं धोरण ठरलं होतं. चिमणी जेवढी उंच तेवढी तिची ओढ. बारीक ज्योतीला ही ओढ पुरत होती, म्हणून आठवडाभर काही कळलं नाही. मोठ्या ज्योतीला ती पुरणं शक्यच नव्हतं. मी उभ्या जन्मात झडप फिरवत बसले असते तरी काही होणार नव्हतं.

कंत्राटदार संपत डुबल हॉलच्या कडेला हात बांधून उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"चिमणी पूर्ण का नाही केलीत?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तेवढीच ठरली, मॅडम."

"नकाशात तेवढी नाहीये."

"नकाशा पहिला हाय. तुकडे आणलेते मी सगळे. त्ये बघा."

शेडच्या मागे खरंच चार तुकडे आडवे पडले होते. कुणीतरी त्यांच्यावर शेणी थापून वाळत घातल्या होत्या.

"मग चढवले का नाहीत? पैसे खाल्ले असतेत तर तुकडे तरी आणले नसतेत." मी सरळच बोलले. माझा तोल गेला होता.

डुबलला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याने चढावरच्या देवळाकडे बोट केलं. "कळस बघा."

भैरोबाचा कळस आणि चिमणीचं टोक शेजारी शेजारी दिसत होते. चिमणी हातभर खाली होती.

"कळसाच्या वर गावात काय बांधत न्हाईत," तो म्हणाला. "पाण्याची टाकीबी हिकडं न बांधता पल्याडच्या माळावर बांधली ती त्येच्यासाठीच."

"म्हणजे देवळाच्या ट्रस्टींनी हरकत घेतली."

"घेतलेली. पण सरांनी त्येंना गुंडाळून ठेवलं. एक महिना रोज जाऊन बसायचे. चिमणी म्हंजे इमारत न्हाई, नळी हाय, आन् नळीला कळसाचा नियम लागत न्हाई, असं पटवून दिलं. शेवटी ट्रस्टी म्हणाले, चढवा बाबा. क्रेन सांगितली मी. आन् क्रेन यायच्या आदल्या दिवशी सरच आले घरी. म्हणाले, संपत, वरचे चार ऱ्हाऊ द्यात."

"सर? पिसाळ सर?"

"हां. मी म्हटलं, सर, ट्रस्टी तयार हायती, मग का? तर म्हणाले, सांगितलं तेवढं कर. आन् तोंड फिरवून गेले. आता त्यांच्याच फुडं मी काय बोलणार, मला विज्ञान त्यांनीच शिकवलेलं."

मला त्या पेटीतल्या माणसाचा संताप आला. स्पष्ट सांगते, संताप. ज्याने आयुष्यभर मुलांना हवा आणि ज्योत शिकवली, त्याला चिमणीची ओढ कळत नव्हती? सगळ्या जगाशी भांडून आणलेल्या भट्टीचा गळा स्वतःच आवळून ठेवला, आणि वर सांगून गेला की पहिला मीच जाणार. आणि आता त्याच्या बायकोला हे सांगायचं कुणी, तर मी.

मी आत गेले. फिरोजभाईंना कानात सांगितलं. ते हळूच म्हणाले, "गॅस तोडणाऱ्या सेन्सरला तार मारून बगल देऊ का, मॅडम? एकदाच. विझणार नाही मग."

"आणि पिवळ्या ज्योतीचा सगळा विषारी वायू झरोक्यातून हॉलमध्ये. शंभर माणसं बसलीत."

"बाहेर काढू त्यांना."

"आणि बटण दाबायला काकू इथे. त्यांना कुठे काढू?"

मी काकूंसमोर जाऊन उभी राहिले. धनाजीही तोवर आत आला होता. त्याच्यादेखतच सांगितलं.

"काकू, आज होणार नाही. माझ्याकडून काही होण्यासारखं नाहीये. चिमणी कमी आहे. चार तुकडे चढवले तर होईल, ते मागे पडलेत. सांगलीहून क्रेन मागवावी लागेल. परवा संध्याकाळपर्यंत मी पेटवून देते, माझा शब्द. तोवर सरांना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात शीतपेटीत ठेवता येईल. मी गाडीची व्यवस्था करते. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिस?" धनाजी म्हणाला. "काकी, आता लई झालं. पाव्हणं खोळंबल्यात. काल सांजंपासनं आण्णाकाका बर्फावर हायती."

"थांब धनाजी," मी म्हणाले. "सरांची शेवटची इच्छा होती ती. दोन दिवसांनी पुरी होतेय."

"चिमणी कुणी कमी केली पण?" धनाजीने डुबलकडे पाहिलं. डुबल दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

"त्येला काय बोलू नगंस," काकू म्हणाल्या. "मी केली."

कुणालाच काही कळेना. काकू माझ्याकडे पाहत बोलत होत्या, बाकी कुणी तिथे नसल्यासारख्या.

"माझ्या म्हायेरात माझ्या बानं माडीचा कठडा पाडला होता, कळसाच्या बरोबरीला आला म्हणून. मी ल्हान होते. तवापासनं मनात बसलेलं. ह्यांनी ट्रस्टीला पटवलं, तालुक्याला पटवलं, सगळ्यांस्नी पटवलं. मला न्हाई पटलं. धुराचं काय न्हाई बघ, धूर पहिल्यापासनं जातोयच वरनं, त्येला काय कळतंय. पण माणसानं बांधलेलं देवाच्या वर नगो. त्या राती जेवले न्हाई मी. सकाळी म्हटलं, तुमचं सगळं ऐकलं, हारावर लगीन केलं, टाक ट्रंकेत ठेवले, कधी काय मागितलं न्हाई. एवढं एक ऐका."

"मग?"

"मग काय. माझ्याकडं बघत बसले लई येळ. म्हणाले, मालन, त्यानं भट्टी ओढायची न्हाई नीट. मी म्हटलं, ते मला काय कळत न्हाई. उठले, पायात चपला घातल्या आन् गेले संपतकडं. परत आल्यावर म्हणाले, बघू, काढू काहीतरी मार्ग. मग रोज हितं येऊन वर बघत बसायचे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या माणसाला सगळं नीट माहीत होतं. मार्ग काढायला वेळ मिळेल एवढंच त्यांनी धरलं होतं, आणि वेळ तेवढा मिळाला नव्हता.

मघाचा माझा संताप कुठल्या कुठे गेला. तरीही मी माझंच टुमणं लावलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

"काकू, मग आता तुम्हीच हो म्हणा. तुम्ही हो म्हटलं की अडवणारं कुणी नाही. परवा चढवते तुकडे. सर पहिले जातील. त्यांनी इतकी वर्षं..."

"न्हाई."

"पण त्यांची इच्छा..."

"म्हायतेय मला त्यांची इच्छा!" त्या पहिल्यांदाच ओरडल्या, आणि बाहेर हॉलमधली कुजबुज थांबली. मग आवाज उतरला. "मला न्हाई तर कुणाला म्हायती? मी मोडली ती. पण पोरी, उभ्या जन्मात ह्या माणसानं माझं एक ऐकलं. एक. आता ते बर्फावर निजल्यात, बोलता येत न्हाई, तर मी तेबी काढून घेऊ व्हय? आधी माझं ऐकायला लावलं, आन् आता ऐकलेलं मोडू?"

धनाजी खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली त्याने.

"हे हितं हायती तवर ती हाय तेवढीच ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "हे गेले की चढवा. मी काय म्हणायची न्हाई. गावाचं हाय ते, गावाला पाहिजे. पर हे हायती तवर न्हाई." मग धनाजीकडे वळून म्हणाल्या, "ऊठ. लाकडं आल्यात नव्हं? रच."

"काकी, तुम्ही बटण..."

"ऊठ म्हटलं ना."

तो उठला. बाहेर माणसं हलली, पेटी उचलल्याचा आवाज झाला, कुणीतरी खाकरून रडं गिळलं. पलीकडच्या जुन्या चौथऱ्यावर लाकडं रचायला सुरुवात झाली. मी पॅनेलसमोर उभी होते. माझ्या हातात पाना होता आणि तो मी कशासाठी घेतला होता ते मला आठवेना. शिकले, सगळ्या महाराष्ट्रात भट्ट्या पेटवत फिरले, आणि समोरची ही एक बाई जे मागत होती त्यातलं मला काहीच करता येत नव्हतं. तिला दोन्ही पाहिजे होतं. मला वाटतं, कुणीही असता तर त्यालाही जमलं नसतं.

"पोरी."

"काय काकू?"

"बारीक पेटते म्हणालीस नव्हं? निळी?"

"पेटते."

"मग तेवढी पेटीव. लाकडं रचूस्तवर."

"आत कुणी नाही, काकू."

"म्हायतेय. पेटीव."

मी ब्लोअर चालू केला. आतली हवा बदलेपर्यंत थांबावं लागतं, तेवढं थांबलो. मग बाजूला सरकले आणि हिरवं बटण त्यांना दाखवलं. काकूंनी पदराला हात पुसला, बोट बटणावर ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दाबलं.

ठिणगी उडाली, ज्योत धरली. लहानशी, स्वच्छ निळी. विटांवर तिचा उजेड थरथरत होता. काकू झरोक्याला डोळा लावून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पाठीला हात लावला, तो त्यांनी झटकला नाही. आता त्या रडत होत्या, आवाज न करता, अंग नुसतं हलत होतं.

बाहेरून धनाजीचा हंबरडा ऐकू आला. मग मडकं फुटलं, आणि लाकडांनी पेट घेतल्याची धडधड. उन्हाळ्याची वाळलेली लाकडं, लगेच पेटली. फिरोजभाई दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या रिकाम्या भट्टीतच पाहत होत्या, कितीतरी वेळ.

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या झरोक्यापासून बाजूला झाल्या.

"इझीव आता," त्या म्हणाल्या. "हे ओरडतील. गॅस फुकट चाललाय."

मी झडप बंद केली.